खालच्या दाढेचा ब्लॉक बसत नाही तेव्हा: आधी जबडा वाचा, मग सुई धरा

"ओठ जड झालाय डॉक्टर, पण दाढ अजून दुखतेय." खालच्या दाढांचं काम करणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. वरच्या दाढेजवळ हिरडीत औषध सोडलं की काम भागतं, कारण वरचं हाड सच्छिद्र असतं. खालच्या दाढांभोवतीचं हाड जाड आणि घट्ट, त्यामुळे नस जबड्यात शिरण्याआधीच तिला गाठून बधिर करावं लागतं, हाच ब्लॉक. १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये शल्यचिकित्सक हॅल्स्टेडनी कोकेन वापरून हे पहिल्यांदा केलं. तीच पद्धत आजही चालते आणि आजही साधारण १५ ते २० टक्के ब्लॉक पहिल्या वेळी नीट बसत नाहीत.

अशा वेळी दोष औषधाला दिला जातो, बॅच खराब असेल, व्हायल उन्हात राहिली असेल. मग त्याच जागी, त्याच कोनात दुसरं इंजेक्शन दिलं जातं आणि तेही बसत नाही. पहिली सुई चुकीच्या जागी गेली असेल तर दुसरीही तिथेच जाणार. पुस्तकातली मापं सरासरी जबड्याची असतात, खुर्चीवरच्या माणसाचा जबडा त्याचा स्वतःचा असतो. हा लेख इंटर्न्ससाठी आणि नुकतंच क्लिनिक सुरू केलेल्या डॉक्टरांसाठी आहे. रुग्णांनी तो वाचून काही ठरवू नये.

दोन जबडे शेजारी ठेवून बघा

नेरूळ, खारघर, कामोठे, बेलापूर या पट्ट्यात डेंटल कॉलेजं आहेत आणि अ‍ॅनाटॉमी विभागात वाळलेल्या जबड्यांचे ट्रे असतात. पहिल्या वर्षी ते परीक्षेपुरते हाताळले जातात. प्रॅक्टिस सुरू केल्यावर एकदा पुन्हा जाऊन बसा. दोन जबडे उचला आणि रॅमसची, म्हणजे जबड्याच्या मागच्या उभ्या भागाची, आतली बाजू आपल्याकडे करा.

मधोमध, किंवा मध्यापासून किंचित मागे, एक तिरकं भोक दिसेल. ते मँडिब्युलर फोरामेन, नस जबड्यात शिरते ते दार. त्याच्या पुढच्या कडेला हाडाची एक जीभ वर आलेली असते, ती लिंग्युला. एका जबड्यात ती टोकदार त्रिकोणी असेल, दुसऱ्यात टोक कापल्यासारखी चपटी. काहींत नुसती गाठ असते. काहींत ती हाडात इतकी मिसळलेली असते की बोट फिरवूनही लागत नाही. आपल्याकडच्या जबड्यांत त्रिकोणी प्रकार सर्वांत जास्त आढळतो. लिंग्युलेला स्फीनोमँडिब्युलर लिगामेंट चिकटलेलं असतं. औषध खाली किंवा आतल्या बाजूला पडलं की हे लिगामेंट पडद्यासारखं आड येतं आणि नस कोरडी राहते. म्हणून औषध लिंग्युलेच्या वर, नस अजून मोकळी असते तिथे पडायला हवं.

आता पट्टी घ्या. रॅमसची रुंदी साधारण ३० मिमीच्या आसपास भरेल, पण दोन जबड्यांत ४–५ मिमीचा फरक सहज निघतो. रॅमस बाहेरच्या बाजूला किती उघडलाय तेही वरून बघा. एक जबडा अरुंद 'व्ही'सारखा असेल, दुसरा पंख पसरल्यासारखा. मग एक लांब काडी मोलर दातांच्या, म्हणजे दाढांच्या, माथ्यावर आडवी ठेवून मागे नेली की फोरामेन तिच्या वर आहे की खाली ते कळतं. प्रौढांत ते या रेषेच्या बरोबरीने किंवा थोडं वर असतं, काहींत बरंच वर. ब्लॉक बिघडतो तो मुख्यतः या तीन गोष्टींमुळे: उंची, खोली आणि रॅमसचा पसरटपणा.

ओपीजी आधीच काढलेला असतो, तो नीट बघा

ठाणे स्टेशनचा परिसर असो की वाशी-नेरूळ, रुग्ण बहुतेक वेळा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, घेऊनच येतो आणि आपण त्यात फक्त दुखरी दाढ बघतो. आणखी अर्धा मिनिट द्या. खालच्या मोलर दातांच्या माथ्यावरून पट्टी ठेवून मागे रेघ ओढा आणि फोरामेन तिच्यापासून किती वर आहे ते बघा. रॅमस रुंद आहे की अरुंद, जबड्याचा कोन उघडा आहे का, तेही बघा. ओपीजीत चित्र मोठं होऊन येतं, म्हणून त्यावरून मिलिमीटर मोजू नका. त्यातून फक्त अंदाज घ्यायचा.

नंतर कॅनालची, म्हणजे हाडातल्या ज्या नळीतून नस जाते तिची, रेघ मागून पुढे डोळ्यांनी चाला. कुठे ती दुहेरी होते का? फोरामेनजवळच दोन फाटे दिसतात का? अक्कलदाढेच्या मागे एखादी बारीक नळी वर वळते का? दुहेरी कॅनाल ओपीजीत क्वचित कळतो, सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये) त्याहून कितीतरी जास्त वेळा सापडतो. उलट ओपीजीत मायलोहायॉइड खोबणीची सावली दुसऱ्या कॅनालसारखी दिसून फसवूही शकते. निव्वळ ब्लॉकसाठी सीबीसीटी काढायला सांगू नये. अक्कलदाढेसाठी किंवा इम्प्लांटसाठी तो काढलेला असेल तर मात्र वापरा.

सुई आणि औषध

आपल्याकडे अनेक क्लिनिकांत ३० मिलीची लिग्नोकेन व्हायल आणि २ मिलीची डिस्पोजेबल सिरिंज चालते. त्या सिरिंजसोबत बहुतेकदा १ इंचाची सुई येते. १ इंच म्हणजे २५ मिमी, आणि प्रौढाच्या ब्लॉकला सुई २० ते २५ मिमी आत जाते. म्हणजे ती थेट हबपर्यंत, सिरिंजला जोडलेल्या बुडापर्यंत, रुतते. सुई तुटते ती हबपाशीच, आणि रुग्णाने झटका दिला तर तुकडा पकडायला बाहेर काही उरत नाही. दीड इंचाची, ३८ मिमीची सुई लावा, किंवा कार्ट्रिज सिरिंजवर लांब सुई. किमान ५ मिमी नेहमी बाहेर दिसली पाहिजे. सुई वाकवून वापरायची नाही. जाड सुई, म्हणजे २५ गेज, वाटेत कमी वळते आणि तिच्यातून अ‍ॅस्पिरेशन, म्हणजे दट्ट्या मागे ओढून सुई शिरेत नाही ना ते बघणं, भरवशाचं होतं. ३० गेज रुग्णाला कमी दुखते ही समजूत ब्लॉकसाठी सोडून द्या.

औषध: २ टक्के लिग्नोकेन, अ‍ॅड्रिनालिन १:८०,०००. एका मिलीत सुमारे २० मिग्रॅ लिग्नोकेन आणि १२.५ मायक्रोग्रॅम अ‍ॅड्रिनालिन. ४.४ मिग्रॅ प्रति किलोची मर्यादा धरली तर ५० किलोच्या माणसाला ११ मिली. हृदयरोग्याला अ‍ॅड्रिनालिनची मर्यादा ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे जेमतेम ३.२ मिली. अशा रुग्णात पहिला ब्लॉक फुकट गेला तर दुसऱ्याला फारशी जागा उरत नाही. आर्टिकेन ४ टक्के चांगलं औषध आहे, पण ब्लॉकसाठी वापरल्यावर जीभ-ओठ दीर्घकाळ बधिर राहिल्याच्या नोंदी त्यात जास्त आहेत. ते हिरडीतल्या इन्फिल्ट्रेशनसाठी, म्हणजे दाताजवळच औषध सोडण्यासाठी, ठेवा.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा रक्तस्रावाचा आजार असेल तर ब्लॉक टाळता येतो का ते आधी बघा. या जागी शिरा दाट आहेत, अ‍ॅस्पिरेशनमध्ये १० ते १५ टक्के वेळा रक्त येतं.

मुख्य ब्लॉक, पायरीपायरीने

१. रुग्णाला जवळजवळ आडवं करा, तोंड पूर्ण उघडायला सांगा. अर्धवट उघड्या तोंडात नस हाडापासून सैल राहते आणि खुणाही हरवतात.

२. अंगठा किंवा तर्जनी गालाच्या आतून मागे न्या. रॅमसच्या पुढच्या कडेवर बोट वरखाली फिरवा. जिथे ती कड सर्वांत खोल जाते तो कोरोनॉइड नॉच. बोट तिथेच राहू द्या, ते उंची सांगतं. जाड गालाच्या माणसात चरबीची गादी मध्ये येते. ती बोटाने बाहेर ढकला, नाहीतर खूण खोटी मिळते.

३. आतल्या बाजूला टेरिगोमँडिब्युलर रॅफेची उभी दोरी दिसेल. बोटाच्या टोकापासून रॅफेपर्यंतच्या अंतराचा पाऊण भाग मागे गेलं की सुई शिरवायची जागा येते. उंची मोलरच्या माथ्यापासून ६ ते १० मिमी वर. ओपीजीत फोरामेन वर दिसलं असेल तर १० धरा.

४. सिरिंजचा बॅरल (नळी) विरुद्ध बाजूच्या प्रीमोलरवर, म्हणजे सुळा आणि दाढा यांमधल्या दातांवर, ठेवा. पसरट जबड्यात तो सुरुवातीपासूनच मोलरकडे ठेवावा लागतो, नाहीतर सुई रॅमसला समांतर सरकत मागे जाते आणि हाड लागतच नाही.

५. सावकाश आत जा. हाड लागेपर्यंत औषध सोडू नका.

६. हाड लागलं की १ मिमी मागे या, अ‍ॅस्पिरेट करा, सुई किंचित फिरवून पुन्हा करा. रक्त नसेल तर १.५ मिली किमान ६० सेकंदांत सोडा. घाईने सोडलेलं औषध दुखतं आणि दूर पसरतं.

७. अर्धी सुई बाहेर घेऊन जिभेच्या नसेसाठी ०.१ ते ०.२ मिली. गालाच्या बाजूची हिरडी या ब्लॉकने बधिर होत नाही, रबर डॅमचा (दात वेगळा ठेवणाऱ्या रबरी पडद्याचा) क्लॅम्प लावायचा असेल तर शेवटच्या मोलरच्या मागे-बाहेर ०.३ मिली वेगळं द्या.

हाड कुठे लागलं, हा सगळ्यात महत्त्वाचा निरोप

या कामात डोळ्यांना काही दिसत नाही. सुईच्या टोकाला लागलेलं हाड हीच एकमेव बातमी, आणि ती वाचायला शिकणं हेच खरं कौशल्य. म्हणून प्रत्येक वेळी हाड लागताच बाहेर किती सुई उरलीय ते बघा. ३८ मिमीची सुई असेल आणि १५ मिमी बाहेर दिसत असेल तर टोक २३ मिमीवर आहे, म्हणजे बरोबर.

अर्ध्याहून कमी सुई आत गेली आणि टणक लागलं, समजा १२ मिमीवर? टोक रॅमसच्या पुढच्या भागावर आपटलंय. तिथे औषध सोडलं तर नस दूर राहते. सुई थोडी मागे घ्या, पण पूर्ण बाहेर काढू नका. बॅरल विरुद्ध बाजूच्या सुळ्याकडे, म्हणजे तोंडाच्या पुढच्या बाजूला आणा आणि परत आत जा.

२५ मिमी जाऊनही मऊच? टोक खूप मागे किंवा आत गेलंय. इथे औषध सोडण्याचा मोह सर्वांत धोक्याचा. मागे पॅरोटिड ग्रंथी आहे आणि तिच्यातून चेहऱ्याची नस जाते. सुई पाव लांबी आत राहील इतकी मागे घ्या, बॅरल मोलरकडे न्या, पुन्हा आत. रुंद रॅमसच्या माणसात हाड २८ मिमीवर लागणं हे त्याच्यासाठी योग्य असू शकतं. मात्र हाड लागल्याशिवाय औषध नाही, हा नियम तिथेही मोडायचा नाही.

मुलं आणि आजी-आजोबा

चार-पाच वर्षांच्या मुलात फोरामेन दातांच्या माथ्याच्या रेषेखाली असतं. रॅमस वाढतो तसं ते वर सरकतं, साधारण नवव्या वर्षी रेषेच्या बरोबरीने येतं. लहान मुलाला प्रौढाच्या उंचीवर सुई दिली की औषध नसेच्या वर, दूर पडतं. खोलीही कमी, साधारण १५ मिमी. १५ किलोच्या मुलाला २ टक्के लिग्नोकेनची कमाल मर्यादा ३.३ मिली, आणि दोन्ही बाजूंना एकाच दिवशी ब्लॉक द्यायचा नाही. घरी पाठवताना आईला स्पष्ट सांगा: "ताई, तीन तास काही चावायला देऊ नका आणि ओठ चावतोय का त्यावर लक्ष ठेवा." बधिर ओठ मुलं गंमत म्हणून चावतात आणि दुसऱ्या दिवशी सुजलेला, पांढरा पडलेला ओठ बघून घरचे घाबरतात.

दात नसलेल्या आजोबांत खालचा कणा, म्हणजे दात धरणारी हाडाची कड, झिजून सपाट झालेला असतो. मोजायला दातांचा माथाच उरत नाही, आणि सपाट हिरडीला मोलरची रेषा समजून सुई दिली तर ती फार खाली जाते. इथे फक्त कोरोनॉइड नॉच आणि रॅफे यांवर भरवसा ठेवा. रॅमसवरचं फोरामेन झिजेबरोबर खाली येत नाही. मेंटल फोरामेन (प्रीमोलरखालचं, ओठाची नस बाहेर पडते ते भोक) मात्र, कणा झिजल्यामुळे, हिरडीच्या माथ्यावर येऊन बसतं. कवळी बोचते म्हणणाऱ्या आजींच्या प्रीमोलरच्या जागी बोट दाबलं आणि ओठाला करंट बसला, तर तिथे सुईही जपून आणि सुरीही जपून.

तोंड उघडतच नाही

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण सबम्युकस फायब्रोसिसचे (तोंडाच्या आतलं आवरण ताठ होऊन तोंड उघडेनासं होतं त्या आजाराचे) रुग्ण आपल्या भागातल्या ओपीडीत येतच राहतात. दोन बोटंसुद्धा तोंडात जात नाहीत, रॅफेची जागा ताठ पट्ट्यासारखी लागते. तिथे नेहमीचा ब्लॉक जमत नाही. बंद तोंडाची वझिरानी-अकिनोसी पद्धत वापरा. वझिरानींनी ती १९६० साली आणि अकिनोसींनी १९७७ साली मांडली.

दात एकमेकांवर हलके टेकवायला सांगा. गाल बाहेर ओढा. सुई वरच्या शेवटच्या मोलरच्या हिरडीची गुलाबी रेषा संपते त्या उंचीवर, वरच्या दातांच्या माथ्याला समांतर, रॅमस आणि वरच्या जबड्याच्या मागच्या फुगवट्यामधून आत न्या. बेव्हल (सुईच्या टोकाची तिरकी बाजू) रॅमसपासून दूर, मध्यरेषेकडे. फुगवट्यापासून २५ मिमी. इथे हाड लागत नाही, म्हणून खोली डोळ्यांनीच मोजावी लागते. अ‍ॅस्पिरेट करून १.५ ते १.८ मिली सावकाश. फायब्रोसिसच्या ताठ आवरणात सुई शिरताना जोर लागतो आणि मग ती एकदम सुटल्यासारखी आत जाते. त्या झटक्यासाठी हात टेकवून तयार ठेवा. अकिनोसींची पद्धत फायब्रोसिसच्या तोंडासाठी आहे, पू साठल्यामुळे मिटलेल्या तोंडासाठी नाही. सूज मागे गेलेली, गिळायला त्रास, ताप, असं असेल तर सुई घालू नका. त्याच दिवशी ओरल सर्जनकडे पाठवा.

ओठ बधिर, दाढ जिवंत

ओठ जड झाला म्हणजे दाढ बधिर झाली, असं नाही. ओठ पाच मिनिटांत जड होतो, पल्प (दाताच्या आतला जिवंत गाभा) बधिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. ड्रिल हातात घेण्याआधी दाढेवर थंड स्प्रेचा बोळा ठेवा. "काका, थंड लागतंय का?" याचं उत्तर 'हो' असेल तर थांबा आणि नीट विचार करा.

फक्त जीभ बधिर झाली आणि ओठ नाही, तर औषध खाली किंवा पुढे पडलंय. दुसरं इंजेक्शन ५ ते १० मिमी वर द्या.

ओठ पूर्ण जड, पण पहिल्या मोलरला कळतंय? मायलोहायॉइड नसेची शंका घ्या. ती मुख्य नसेपासून फोरामेनच्या वरच फुटते, म्हणून आपल्या औषधातून सुटते, आणि काही जणांत दाढेला फांदी देते. दुखऱ्या दाढेच्या मागच्या दाताच्या मुळाच्या टोकाखाली, जिभेच्या बाजूने, ३ ते ५ मिमी आत ०.६ मिली सोडा.

अक्कलदाढेच्या मागून वर जाणारी नळी किंवा दुहेरी कॅनाल दिसला असेल तर आणखी वर जाऊन फांद्या फुटण्याआधीच नसेला पकडा. ती गो-गेट्स पद्धत, ऑस्ट्रेलियातल्या गो-गेट्सनी १९७३ साली मांडलेली. तोंड पूर्ण उघडं, सुई वरच्या दुसऱ्या मोलरच्या पुढच्या-आतल्या टोकाच्या उंचीवर, दिशा ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पुढच्या ट्रेगसकडे जाणाऱ्या रेषेला समांतर. साधारण २५ मिमीवर कॉन्डाइलच्या (जबड्याच्या सांध्यातल्या गोल टोकाच्या) मानेचं हाड लागलंच पाहिजे. १.८ मिली दिल्यावर रुग्णाला एक-दोन मिनिटं तोंड उघडं ठेवायला सांगा. परिणामाला ५ ते १० मिनिटं लागतात, घाई करू नका. पुढच्या दातांना कळत असेल तर विरुद्ध बाजूच्या नसेचे धागे मध्यरेषा ओलांडून आलेले असतात. तिथे ओठाच्या बाजूने थोडं इन्फिल्ट्रेशन पुरतं.

रात्रभर ठणकणारी, सुजलेल्या पल्पची दाढ मात्र अचूक ब्लॉकलाही दाद देत नाही, कारण तिथल्या नसेचीच वागणूक बदललेली असते. तासभर आधी आयबुप्रोफेन ६०० मिग्रॅ दिल्याने फायदा होतो. अल्सर, किडनीचा त्रास, गरोदरपण, अ‍ॅस्पिरिनने वाढणारा दमा असेल तर नाही. पावसाळ्यात ताप घेऊन आलेल्याला तर अजिबात नाही, डेंग्यू असू शकतो. ब्लॉकसोबत गालाच्या बाजूने आर्टिकेनची एक कार्ट्रिज द्या, तरीही कळलं तर मुळाच्या लिगामेंटमध्ये प्रत्येक मुळाला ०.२ मिली.

बिघडलं तर

पापणी मिटत नाही, तोंड वाकडं झालं: औषध पॅरोटिडमध्ये गेलंय. काही तासांत उतरतं. रुग्णाला लगेच सांगा, कॉन्टॅक्ट लेन्स काढायला लावा, डोळ्यावर पट्टी लावा आणि काम पुढे ढकला. सुईबरोबर जिभेत किंवा ओठात वीज चमकली तर जागेवर औषध सोडू नका, थोडं मागे या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंड कमी उघडतंय अशी तक्रार आली तर आतला स्नायू टोचला गेलाय. गरम शेक, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तोंड उघडण्याचे व्यायाम, आणि वाढत असेल तर तपासणी. गाल काही मिनिटांत फुगला तर दाबून धरा आणि बर्फ लावा.

ब्लॉक बसल्यावर केस पेपरवर एक ओळ लिहा: उजवी बाजू, हाड २७ मिमीवर, बॅरल मोलरवर, १० मिमी उंचीवर बसला. डाव्या बाजूची ओळ वेगळी ठेवा, कारण एकाच माणसाचे दोन रॅमस सारखे असतीलच असं नाही.